सारस पीटी-२: प्रयोगशाळेनं बांधलेलं विमान आणि हवेत इंजिन पेटवण्याची एक चाचणी

६ मार्च २००९, शुक्रवार. बंगळुरूच्या जुन्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही सरकारी विमान कंपनी) विमानतळावरून दुपारी तीनच्या सुमारास एक छोटं, पांढरं विमान चाचणीसाठी उडालं. शहराचं प्रवासी विमानतळ आदल्या वर्षीच्या मे महिन्यात देवनहळ्ळीला गेलं होतं, त्यामुळे एचएएलची धावपट्टी आता मुख्यतः लष्कराच्या आणि चाचण्यांच्या कामाची उरली होती. विमान होतं सारस, त्याचा दुसरा नमुना म्हणजे पीटी-२. आत हवाई दलाचे तिघे अधिकारी: विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्प, विंग कमांडर दीपेश शाह आणि चाचणी अभियंता म्हणून स्क्वाड्रन लीडर इलयाराजा. चाचणी अशी की डावं इंजिन हवेत मुद्दाम बंद करायचं आणि हवेतच पुन्हा चालू करायचं. तीन वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास विमान बिदडीजवळच्या शेषगिरीहळ्ळीच्या शिवारात कोसळलं. तिघेही गेले.

भारतात लष्करी आणि नागरी मिळून विमान अपघात थोडेथोडके झालेले नाहीत. या अपघाताचा वेगळा अभ्यास करावासा वाटतो तो विमान कोणी बांधलं होतं यामुळे. सारस एखाद्या विमान कंपनीचं नव्हतं, ते नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या सरकारी प्रयोगशाळेचं, म्हणजे एनएएलचं होतं. वैमानिकीत सरकारी प्रयोगशाळेनं नेमकं काय करावं, हा तसा चर्चासत्रात चघळायचा प्रश्न. त्या दुपारी तो चाचणीच्या कागदावरच्या चार-पाच ओळींपर्यंत येऊन ठेपला होता.

एनएएल आधी काय करत होती

१ जून १९५९ रोजी दिल्लीत ही प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बंगळुरूला हलली. सुरुवातीचं कार्यालय जयमहाल रस्त्यावर म्हैसूरच्या महाराजांच्या वाड्याच्या घोड्यांच्या पागेत होतं. पी. नीलकंठन पहिले संचालक. त्यांच्यानंतर एस. आर. वल्लुरी जवळजवळ दोन दशकं आणि मग रोद्दम नरसिंह. मूळ नावात ‘एरोनॉटिकल’ होतं, १९९३ मध्ये त्याचं ‘एरोस्पेस’ झालं. तोवर अवकाश कार्यक्रमाचं कामही बरंच वाढलं होतं.

या संस्थेचं खरं वैभव म्हणजे १९६७ मध्ये सुरू झालेला १.२ मीटरचा पवनबोगदा. ध्वनीच्या वेगाच्या खालपासून चौपटीपर्यंतचा वारा त्यात निर्माण करता येतो. आपल्याकडचं जवळपास प्रत्येक लढाऊ विमान आणि प्रत्येक प्रक्षेपक लहान प्रतिकृतीच्या रूपात या बोगद्यातून गेला आहे. तेजसच्या पंखांचं आणि शेपटीचं कार्बन तंतूंचं काम, त्याच्या संगणकी नियंत्रणाचे नियम, जुन्या लढाऊ विमानांच्या सांगाड्यांवर महिनोन्‌महिने भार देऊन धातू कधी थकतो ते पाहणं, ही सगळी कामं इथलीच. विमानतळावर धुक्यात धावपट्टीवर किती दूरचं दिसतंय हे मोजणारं ‘दृष्टी’ हे यंत्रही एनएएलचंच.

अपघातांच्या तपासातही ही संस्था आहे. विमान पडलं की तुटलेले भाग एनएएलच्या धातुतज्ज्ञांकडे येतात: तडा आधीचा की आदळल्यानंतरचा, थकव्याचा की भाराचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगायला. १९८५ च्या एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या दुर्घटनेत अटलांटिकच्या तळातून वर काढलेल्या तुकड्यांच्या परीक्षणात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर एनएएलची माणसं होती. दुसऱ्यांच्या अपघातांचे धडे या संस्थेइतके जवळून वाचलेली संस्था देशात क्वचितच सापडेल. म्हणूनच सारसच्या चौकशी अहवालातलं एक वाक्य जास्त बोचतं. ते पुढे येईलच.

विमान बांधायचं कसं ठरलं

ऐंशीच्या दशकात प्रश्न असा होता की देशात छोटं प्रवासी विमान डिझाइन करणार कोण. एचएएलचा हात लष्करी कामात गुंतलेला. कानपूरला ती डॉर्नियर २२८ बांधत होती, पण जर्मन परवान्यावर. स्वतःच्या पाटीवर रेघ मारून प्रवासी विमान काढायचं काम कोणाच्याच अंगावर नव्हतं. एनएएलनं ते अंगावर घेतलं. छोट्या शहरांना जोडणारं दोन इंजिनांचं हलकं विमान आणि मागणी आहे असं सांगणारा व्यवहार्यता अभ्यास, इतक्या भांडवलावर सुरुवात झाली. रशियातली मायासिश्चेव्ह ही संस्था तशाच विमानावर विचार करत होती, म्हणून १९९१ च्या आसपास दोघांनी हात मिळवले. लगेच सोव्हिएत संघ मोडला, रशियनांकडचे पैसे आटले आणि एनएएल एकटी उरली.

जगात बघितलं तर हे थोडं वेगळंच आहे. अमेरिकेची नासा, जर्मनीची डीएलआर, फ्रान्सची ओनेरा यांच्याकडे उडती प्रयोगविमानं असतात, पण विकायचं विमान कारखाने काढतात. प्रयोगशाळा त्यांना आकडे, बोगदे आणि माणसं पुरवते. आपल्याकडे नागरी विमानाचा कारखानाच डिझाइन करत नव्हता, तेव्हा प्रयोगशाळेनं कारखान्याची जागा घेतली. ‘प्रयोगशाळेला हा उद्योग सांगितला कोणी’ असं म्हणणाऱ्यांना ही पार्श्वभूमी माहीत नसते किंवा सोयीस्कर विसरलेली असते. एनएएलनं बांधलं नसतं तर ते विमान त्या काळात या देशात झालंच नसतं, असं माझं मत आहे. शिवाय अनुभव अगदीच शून्य नव्हता. दोन आसनांचं हंसा हे प्रशिक्षण विमान १९९३ च्या नोव्हेंबरात उडालं होतं आणि पुढे त्याला प्रमाणपत्रही मिळालं. पण हंसापासून सारसपर्यंतची उडी फार मोठी होती.

२४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारनं प्रकल्प मंजूर केला. त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला गेलेले. प्रयोगशाळेतलं ज्ञान बाजारापर्यंत पोचलं पाहिजे हा त्यांचा कायमचा आग्रह, आणि सारस त्या आग्रहाला साजेसं होतं. पोखरणनंतरचे निर्बंध, बाहेरून येणाऱ्या भागांची वाट, वाढत जाणारं वजन या सगळ्यातून पहिला नमुना पीटी-१ अखेर २९ मे २००४ रोजी उडाला.

वजनाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. डिझाइनमधलं रिकामं वजन ४,१२५ किलो होतं, प्रत्यक्षात पीटी-१ भरला ५,११८ किलो. हजारभर किलोची ही वाढ म्हणजे प्रवाशांच्या वाट्याचं वजन सांगाड्यानंच खाल्लं. विमान बांधणाऱ्यांच्या जगात वजन ही रोजची लढाई असते. प्रत्येक कंस, प्रत्येक रिव्हेट, तारांच्या प्रत्येक जुडग्यासाठी कोणीतरी हिशेब ठेवून भांडत असतं, आणि ही भांडखोर शिस्त कारखान्यात पिढ्यांनी येते. पवनबोगद्यात ती शिकता येत नाही. मग पीटी-२ साठी संमिश्र पदार्थांचा वापर वाढवून काही शे किलो कमी केले आणि ८५० अश्वशक्तीच्या इंजिनांऐवजी १,२०० अश्वशक्तीची प्रॅट अँड व्हिटनी पीटी६ए-६७ए बसवली. पीटी-२ १८ एप्रिल २००७ रोजी उडाला.

सारसची रचनाही चाकोरीतली नव्हती. दोन्ही इंजिनं पंखांवर नाहीत, मागच्या बाजूला धडातून निघालेल्या आखूड दांड्यांवर, आणि प्रोपेलर इंजिनांच्या मागे. म्हणजे ते विमानाला ओढत नाहीत, ढकलतात. केबिनमध्ये आवाज कमी, पंखांवरचा प्रवाह स्वच्छ. पण अशा रचनेचं वागणं कसं असतं हे सांगणारी जुनी विमानं जगातही मोजकीच. शेपटीजवळ प्रोपेलरचा प्रवाह कसा बदलतो, एक प्रोपेलर थांबला की काय होतं, हे बरंचसं स्वतःच उडवून शोधायचं.

इंजिन हवेत पुन्हा पेटवणं म्हणजे काय

दोन इंजिनांच्या विमानाला प्रमाणपत्र हवं असेल तर हवेत बंद पडलेलं इंजिन तिथेच चालू होतं हे दाखवावं लागतं. वैमानिक याला ‘रिलाइट’ म्हणतात. ऐकायला साधं वाटतं. गुंतागुंत आहे ती प्रोपेलरच्या पात्यांची.

इंजिन बंद केलं की पाती ‘फेदर’ करतात, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला धार करून उभी करतात. मग प्रोपेलर जवळपास फिरत नाही आणि वाऱ्याला अडवतही नाही. याउलट बंद इंजिनाची पाती आडवी झाली तर वारा त्यांना फिरवू लागतो आणि प्रोपेलरची थाळी झाकणासारखी हवा अडवते. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्या अंगाला वळते, तसं विमानाचं नाक त्या बाजूला ओढलं जातं, वेग घटतो, उंची झपाट्यानं जाते. सुकाणू पुरेसं ठरेलच असं नाही.

पीटी६ जातीच्या इंजिनात आणखी एक खुबी आहे. हवा दाबून जाळणारा गाभा आणि प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन यांच्यात जोडणारा दांडा नसतो. गरम वायूच्या झोतानंच एक दुसऱ्याला फिरवतं. त्यामुळे पाती फेदरमध्ये ठेवूनही गाभा चालू करता येतो. मग प्रोपेलरची तरफ कुठल्या क्षणी कुठे असावी, इंधन केव्हा द्यावं, पाती केव्हा उघडावीत, या क्रमावर सगळं येऊन ठरतं. असा क्रम लिहिण्याचा सर्वात जास्त अनुभव इंजिन आणि प्रोपेलर बनवणाऱ्या कंपन्यांच्या लोकांपाशी असतो. त्यांनी ते शेकडो विमानांवर पाहिलेलं असतं.

त्या दिवशी आणि नंतर

उड्डाणात आधी एका इंजिनावर उतरण्याचा सराव झाला, मग विमान नैऋत्येला, सुमारे ९,००० फुटांवर गेलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बंगळुरूचं पठार समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या जवळ आहे. उंचीमापक ९,००० दाखवत असला तरी पायाखालची खरी उंची सहा-साडेसहा हजार फुटांची. विमान नीट वागत असेल तर एवढी उंची भरपूर. ते भलतंच वागू लागलं तर सावरायला मिळणारा वेळ मिनिटभराच्या हिशेबातला.

डावं इंजिन बंद केलं, पाती फेदर झाली. पुन्हा पेटवण्याचा पहिला प्रयत्न फसला. उड्डाण तिथेच आवरतं घेतलं गेलं नाही. पुढे विमान उंची गमावत गेलं आणि सावरलं नाही.

नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या चौकशीनं कारण म्हणून जे नोंदवलं त्याचा आशय असा: डिझाइन करणाऱ्यांनी बनवलेली आणि वैमानिकांनी वापरलेली रिलाइटची चुकीची पद्धत, तीही अपुऱ्या उंचीवर, त्यातून उंची वेगानं गेली आणि विमान अनपेक्षित वागलं. हातभार लावणाऱ्या कारणांत वैमानिकांमधला समन्वय, कॉकपिटमधली कार्यपद्धती, नियंत्रणांची हाताळणी आणि पहिला प्रयत्न फसल्यावर जमिनीवरच्या चाचणी संचालकाशी बोलून उड्डाण न थांबवणं, हे सगळं आलं. आणि त्याच यादीत ते बोचरं वाक्य: एनएएलनं रिलाइटची पद्धत प्रोपेलर बनवणाऱ्या कंपनीशी सल्लामसलत न करताच बनवली होती.

अहवाल आला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो वैमानिकांची चूक, दुसरा म्हणतो शास्त्रज्ञांची. मला दोन्ही तट आळशी वाटतात. चाचणी वैमानिक कागदावरचा क्रम पाळतो, तेच त्याचं काम आहे. कागदच चुकीचा असेल तर त्याच्या कौशल्याला उरलेली जागा फार थोडी. पण पहिला प्रयत्न फसल्यावर ‘आज पुरे’ म्हणायचा अधिकार कोणाकडे होता आणि तो वापरायचा की नाही हे आधी ठरलं होतं का, हा प्रश्न कॉकपिट आणि जमिनीवरची खोली या दोघांनाही लागू पडतो. उड्डाणाची आकडेवारी टेलिमेट्रीनं खाली येते, संचालक पडद्यावर ती पाहत असतो. पण पाहणं आणि थांबवणं यांच्यात लिखित नियम नसेल तर निर्णय त्या क्षणाच्या मनःस्थितीवर पडतो. चाचणी पुढे ढकलली की वेळापत्रक घसरतं, आणि सारसचं वेळापत्रक आधीच कित्येक वर्षं घसरलेलं होतं. त्या दाबानं त्या दिवशी काही घडवलं असा आरोप मी करत नाही. पण असा दाब असताना थांबण्याचा नियम माणसाच्या हिमतीवर सोडू नये, एवढं म्हणतो.

प्रोपेलर कंपनीला न विचारण्याचं मला वाटणारं कारण प्रयोगशाळेच्या स्वभावात आहे. प्रयोगशाळेत तुम्ही समीकरणापासून सुरुवात करता. हवेच्या प्रवाहाबद्दल ज्यांना सगळा देश विचारतो, त्यांना प्रोपेलरच्या तरफेबद्दल बाहेर विचारावं असं सहज सुचत नाही. कारखान्यात हा प्रश्न आपोआप विचारला जातो. तिथे पुरवठादाराचा माणूस चाचणीच्या बैठकीत बसलेलाच असतो. त्याच्या सहीशिवाय चाचणीचा कागद पुढे सरकत नाही आणि नंतर हमीचं भांडणही त्याच्याशीच होणार असतं. एनएएलच्या शास्त्रज्ञांकडे बुद्धी कमी नव्हती. विमान विकणाऱ्या माणसाच्या या कटकटी सवयी लावून घ्यायला त्या संस्थेला वेळ आणि विमानं दोन्ही कमी मिळाली.

नऊ वर्षांची खीळ

अपघातानंतर पीटी-१ जमिनीवरच राहिला. २०१३ च्या अखेरीस प्रकल्पाचा पैसा संपला आणि काम थांबलं. माझ्या मते या प्रकरणातलं दुसरं, कमी चर्चिलेलं नुकसान इथे झालं. विमान बंद ठेवलं की धातूला फारसं काही होत नाही. टीम मात्र विखुरते: कोणी निवृत्त होतं, कोणी दुसऱ्या प्रकल्पावर जातं, आणि २००९ मध्ये जे शिकायला मिळालं ते ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसंच समोर नसतात. चौकशी अहवाल कपाटात राहतो, पण ‘त्या वेळी आम्ही हे असं का केलं’ हे सांगणारा माणूस कपाटात राहत नाही.

याच काळात एनएएलनं महिंद्राबरोबर पाच आसनांचं एनएम-५ केलं. ते २०११ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात उडालं. मोठ्या प्रादेशिक विमानाच्या, आरटीए-७० च्या कल्पना मांडल्या गेल्या आणि कागदावरच राहिल्या.

२०१६ मध्ये सारसला पुन्हा जीव आला. जुन्याच पीटी-१ ला घेऊन त्याचा पीटी-१एन केला: १,२०० अश्वशक्तीची इंजिनं, सुधारलेली नियंत्रणं, सुकाणूच्या आकारात बदल, जास्त वजन पेलणारी चाकं आणि ब्रेक, आणि विमान ‘स्टॉल’ होण्याआधी, म्हणजे पंखांची उचल एकदम जाण्याआधी, इशारा देणारी देशी यंत्रणा. २४ जानेवारी २०१८ रोजी विंग कमांडर यू. पी. सिंग, ग्रुप कॅप्टन आर. व्ही. पणिक्कर आणि ग्रुप कॅप्टन के. पी. भट यांनी ते एचएएल विमानतळावरूनच सुमारे चाळीस मिनिटं उडवलं. त्या वेळी एनएएलचे संचालक जितेंद्र जाधव होते. पुढच्याच महिन्यात दुसरं उड्डाण झालं. या उड्डाणांचा हेतू मर्यादित होता: पुढच्या १९ आसनी सारस एमके-२ साठी आकडे गोळा करणं. पहिल्या पंधरा विमानांसाठी हवाई दल गिऱ्हाईक म्हणून पुढे आलं आणि उत्पादन एचएएलकडे द्यायचं ठरलं.

आता बघायचं ते काय

एमके-२ बद्दलच्या बातम्यांत आसनं, वेग आणि परदेशी विमानापेक्षा किती स्वस्त याचे आकडे येतात. महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला त्यात रस असणं साहजिकच आहे. जळगाव, सिंधुदुर्ग अशा धावपट्ट्यांवर आज प्रादेशिक सेवा चालते ती बहुतांश फ्रेंच-इटालियन एटीआरवर. सत्तर आसनं भरत नाहीत अशा मार्गांना एकोणीस आसनांचं विमान सोयीचं, हा हिशेब ऐंशीच्या दशकात होता तसाच आजही आहे.

मी मात्र दुसऱ्या गोष्टी शोधतो. चाचणीचा कार्यक्रम लिहिताना एचएएलचे लोक सुरुवातीपासून टेबलावर आहेत की डिझाइन गोठल्यावर त्यांच्या हाती फाइल देणार? इंजिन आणि प्रोपेलरच्या कंपन्यांच्या सह्या कुठल्या कुठल्या कागदांवर लागणार? एखादी चाचणी एकदा फसली तर त्या उड्डाणात ती पुन्हा करायची नाही, असा नियम कुठल्या चाचण्यांना लागू आहे? किती उंचीखाली इंजिनाला हात लावायचा नाही, आणि ती उंची समुद्रसपाटीपासून मोजायची की पठारापासून? पहिल्या उड्डाणाच्या तारखेपेक्षा या उत्तरांवरून विमान कुठवर आलंय हे जास्त कळेल, आणि ती उत्तरं प्रसिद्ध करायला कुठल्याही गोपनीयतेची अडचण यायचं कारण मला दिसत नाही.